घोस्टच्या डोक्यावरून हात का नाही फिरवला?

अर्धाकप_चहा (धागाकर्ता)

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्यावर दीड महिना घरात बसायची वेळ आली. तिच्या मालिका बघून झाल्या, यूट्यूबवरची कीर्तनं ऐकून झाली. मी शेजारच्या खोलीत 'गेम ऑफ थ्रोन्स' दुसऱ्यांदा लावली होती. एके दिवशी वॉकर टेकत टेकत आली ती नेमकी पहिल्या भागातल्या त्या प्रसंगाला. मरून पडलेली अजस्र लांडगीण, तिच्या गळ्यात रुतलेलं हरणाचं शिंग, पोटाशी वळवळणारी पिल्लं. "अगं बाई! जगतात का रे ही?" म्हणाली आणि बसली ती बसलीच.

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून बघतोय. तसले प्रसंग आले की मी पुढे ढकलतो आणि ती तेवढ्यात चष्मा पुसून घेते. तिला राजकारण कळत नाही असं मुळीच नाही. राणीच्या माहेरची लॅनिस्टर मंडळी काय चीज आहे हे तिनं दोन भागांत ओळखलं ("आपल्या अमक्याच्या सासरसारखी"). पण दर भागाला पहिला प्रश्न एकच, "लांडगे कुठायत?"

मी २०११ ते २०१९ या काळात पहिल्यांदा बघितली तेव्हा लक्ष सगळं गादीवर कोण बसणार याच्याकडे. शेवटचे सीझन तर हॉटस्टारवर सोमवारी सकाळी साडेसहाला यायचे आणि ऑफिसला निघायच्या आत उरकायचे. लांडगे असले काय, नसले काय, माझ्या गावीही नव्हतं. आता आईच्या डोळ्यांनी बघताना जाणवतं की सगळ्या गोष्टीचा पाया तिथेच घातला होता. लांडगा हे स्टार्क घराण्याचं चिन्ह, हरण हे राजा रॉबर्टच्या घराण्याचं. हरणाचं शिंग लागून लांडगीण मेलेली, म्हणजे राजाच्या मैत्रीपायी स्टार्कांचं काय होणार ते पहिल्याच भागात सांगून टाकलंय. पिल्लं पाच, घरातली औरस मुलं पाच. अनौरस जॉन स्नो स्वतःला त्यात मोजत नाही, आणि मग बाजूला पडलेलं सहावं सापडतं. पांढरंफटक. तोच पुढे घोस्ट. सगळ्यांत दुबळं ते तुझं, असं त्याच घरात वाढलेला थिऑन त्याला हिणवतो.

एवढी मांडणी केल्यावर पुढे काय? सातव्या-आठव्या सीझनला स्टार्कांजवळ एक लांडगा शिल्लक, तोही कधी दिसतो, कधी नाही. आठव्याच्या चौथ्या भागात जॉन घोस्टला टॉरमंड नावाच्या मित्राच्या हवाली करतो, तोडलेला कान घेऊन घोस्ट उभा, आणि हा पठ्ठ्या लांबूनच मान हलवून चालू पडतो. आई म्हणाली, "हात तरी फिरवायचा मेल्यानं."

प्रश्न असा आहे: मालिकावाल्यांना लांडगे जड झाले म्हणून त्यांनी ते निकालात काढले, की या मरणांना काही अर्थ होता? मला आत्तापर्यंत तरी पहिलंच वाटतंय.

(स्पॉयलर आहेतच. मालिका संपून इतकी वर्षं झाल्यावर माफी मागणार नाही.)

तीनदा_वाचलेला

आईंना साष्टांग नमस्कार. धागा काढलात ते बरं केलंत, पण माझ्यासारख्या पुस्तकवाल्याच्या जखमेवर मीठ चोळलंत.

मालिका ज्यावरून काढली त्या जॉर्ज मार्टिन यांच्या पुस्तकांतलं पहिलं १९९६ चं. त्यात लांडगा म्हणजे त्या मुलाचाच बाहेर फिरणारा भाग आहे. मालिकेत लांडग्याच्या अंगात फक्त स्टार्कांचा ब्रॅन शिरतो. पुस्तकात जॉन स्वप्नात घोस्टच्या डोळ्यांनी बघतो, ब्रॅनची बहीण आर्या समुद्रापलीकडे असूनही रात्री आपली लांडगीण निमेरिया होऊन कळपाबरोबर धावते. तिला स्वतःला ते नीट उमगत नाही, नुसती स्वप्नं वाटतात. मालिकेनं हे जवळजवळ सगळं वगळलं. ते वगळलं की लांडगा उरतो तो फक्त मोठ्ठा कुत्रा.

एका शब्दाचा फरक सांगतो. पाचव्या पुस्तकात, २०११ साली आलेल्या, जॉनला स्वतःच्याच माणसांनी भोसकल्यावर त्याच्या तोंडून निघणारा शेवटचा शब्द आहे 'घोस्ट'. मालिकेत त्याच प्रसंगी तो शब्द आहे 'ऑली', म्हणजे समोर सुरा घेऊन उभा राहिलेला तो पोरगा. पुस्तकात मरणारा माणूस आपल्या दुसऱ्या देहाला हाक मारतोय, तो त्यातच जाऊन राहणार असा इशारा आहे. मालिकेत मरणाऱ्याला दगाबाज पोराचं वाईट वाटतंय. दोन्ही चांगलं नाट्य आहे, नाही कुठे म्हणतोय. पण गोष्ट बदलली.

घोस्टचा रंगही नुसता देखणा म्हणून निवडलेला नाही. पांढरं अंग, लाल डोळे. उत्तरेकडचे लोक ज्या वीअरवुडच्या झाडापुढे शपथा घेतात त्याचं खोड पांढरं, पानं लाल. औरस मुलांना घराण्याचं नाव मिळालं आणि नाव नसलेल्या पोराला थेट देवाचा रंग मिळाला.

खारीबिटरबटर

+१००. मी तर घोस्ट दिसला की पुढचे पाच मिनिटं घाबरून बसायचे, आता याला मारतात की काय म्हणून. माणसं मेली तर मेली.

रेंडर_चालू_आहे

मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकी दृश्यकरामतींच्या धंद्यात आहे (या मालिकेवर काम केलेलं नाही, तेवढं नशीब कुठलं), म्हणून आमच्या जमातीची बाजू मांडतो. आईंच्या 'हात तरी फिरवायचा' याचं उत्तर खरं तर तांत्रिक आहे.

पहिल्या सीझनला पिल्लं आणि वाढते लांडगे म्हणून खरी कुत्री होती, नॉर्दर्न इन्युइट जातीची. सान्सा स्टार्कची लांडगीण लेडी, तिचं काम केलेली झुन्नी तर सान्साचं काम करणाऱ्या सोफी टर्नरच्या घरच्यांनी दत्तकच घेतली. तोवर हात फिरवायला काही अडचण नव्हती. गोष्टीप्रमाणे लांडगे घोड्याच्या शिंगराएवढे व्हायला लागले तेव्हा पंचाईत झाली. मग कॅनडातल्या खऱ्या आर्क्टिक लांडग्यांचं वेगळं चित्रीकरण करून ते मोठे करून नटांच्या शेजारी बसवायला सुरुवात झाली. म्हणजे पडद्यावर जॉन आणि घोस्ट शेजारी दिसतात तेव्हा ते दोघं एका जागी उभे नसतात, बहुतेक वेळा एका खंडातसुद्धा नसतात.

अशात दोघांना नुसतं शेजारी उभं करणं सोपं. पण हात लावायचा म्हटलं की खेळ बदलतो. बोटं केसांत रुतली पाहिजेत, केस बोटांमधून वर आले पाहिजेत, दाबल्यावर कातडी हलली पाहिजे, हाताची सावली केसांवर पडली पाहिजे. नट तर हवेत किंवा एखाद्या हिरव्या ठोकळ्यावर हात फिरवत असतो. एवढं सगळं करून प्रेक्षक म्हणणार काय, तर 'कुत्र्याला कुरवाळलं'. ड्रॅगनच्या आगीला टाळ्या पडतात, केसांना कोण टाळ्या वाजवतं!

त्या भागाचे दिग्दर्शक डेव्हिड नटर नंतर हेच म्हणाले, की लांडगे संगणकावर घडवलेले, म्हणून प्रसंग शक्य तितका साधा ठेवला. आणि सहाव्या सीझनच्या मोठ्या लढाईत घोस्ट नव्हता त्याबद्दल दिग्दर्शक मिगेल सापोचनिक यांनी तर सरळ सांगितलं होतं की वुन वुन हा राक्षस आणि लांडगा यांतला एकच परवडणार होता. राक्षस जिंकला.

अर्धाकप_चहा

@रेंडर, म्हणजे माझंच खरं ठरलं की. लांडगे जमाखर्चात मेले.

उलटतपासणी

थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. खर्चाचा मुद्दा घोस्टपुरता मान्य. पण बाकीच्यांची मरणं जरा ओळीनं बघा.

लेडी दुसऱ्याच भागात जाते. तिनं काहीच केलेलं नसतं. राजपुत्राला चावलेली असते निमेरिया. राजाज्ञा म्हणून सान्साचा बाप नेड स्टार्क स्वतःच्या हातानं सुरी चालवतो, खाटकाच्या हाती देत नाही. आपण त्या वेळी याला त्याचा मोठेपणा समजतो. पण विचार करा, दक्षिणेत राजाची मर्जी सांभाळायला निघालेला बाप घराण्याचं चिन्ह स्वतःच कापतो. त्याच सीझनमध्ये त्याचंही डोकं जातं. आणि लेडी मरते त्या क्षणाला तिकडे घरी विंटरफेलमध्ये बेशुद्ध ब्रॅन डोळे उघडतो. दोन दृश्यांमधला हा कट काही योगायोगानं पडलेला नाही. एक गेली, एक जागा झाला.

लांडगा मरण्याची वेळ सगळ्यांत आधी सान्सावर आली, आणि पुढची कित्येक वर्षं ती दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या रंगाचे कपडे घालून, दुसऱ्यांचं बोलणं बोलत जगली.

थोरल्या रॉबचा ग्रे विंड तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात. लग्नाच्या मांडवात रॉबला मारतात तेव्हा तो बाहेर कोंडलेला असतो, फटींमधून बाण मारून संपवतात. पुढच्या भागात रॉबच्या धडावर त्याचं डोकं शिवून मिरवणूक काढतात. शत्रूला सुद्धा माहीत आहे की हे दोघं एकच होते! धाकट्या रिकॉनच्या शॅगीडॉगचं तर मरण दिसतही नाही, नुसतं डोकं शत्रूपुढे, रॅमसीपुढे टेबलावर येतं, हा पोरगा खरोखर रिकॉनच आहे याची खूण म्हणून. ओळखपत्र! सहा भागांनंतर रिकॉन जातो.

लांडगा गेला की एक तर तो माणूस जातो, नाही तर त्याच्यातला स्टार्क जातो. मला यात शिस्त दिसते.

तीनदा_वाचलेला

लेडीचं, ग्रे विंडचं मान्य, ती पुस्तकातलीच आहेत. शॅगीडॉगचं मात्र माफ नाही. काळा, हिरव्या डोळ्यांचा, कुणाला न आवरणारा लांडगा आणि त्याला टेबलावरचं डोकं करून आणलात. ब्रॅनच्या समरचं तर अजून वाईट. बिचारा ब्रॅनसाठी मेलेल्यांच्या झुंडीवर झेप घेतो, दोन सेकंद, आणि त्याच भागात ब्रॅनला वाहून नेणारा होडोर दरवाजा धरून मेला, त्यामुळे सगळं जग होडोरसाठी रडलं. समरसाठी कोण रडलं? ज्या घरचं ब्रीदच 'हिवाळा येतोय' त्या घरातल्या अपंग मुलानं आपल्या लांडग्याचं नाव 'उन्हाळा' ठेवलं होतं. शुद्धीवर आल्याबरोबर पुस्तकात तो हेच नाव उच्चारतो. तो उन्हाळा गुहेत मेला आणि नंतरचा ब्रॅन बघा, थंडगार.

उलटतपासणी

हे तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात हो, वकील साहेब!

तीनदा_वाचलेला

:) मान्य. अर्धं.

जेजुरीकडची

मी पुस्तकं वाचलेली नाहीत, मालिका लेकाच्या नादानं बघितली. वरच्या 'दुसरा देह' शब्दावर अडकले म्हणून लिहिते.

आपल्याकडे देवाबरोबर जनावर म्हटलं की आधी वाहन आठवतं, उंदीर, मोर, नंदी. पण ते वेगळं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद म्हणतात, तेही वेगळं. तिथे कुत्रं म्हणजे अर्थ सांगणारी खूण झाली. मला जवळचं वाटलं ते खंडोबाचं. त्याच्याबरोबर कुत्रं असतंच, पण त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवत. माझ्या आजीनं बघितलेलं, जत्रेत वाघ्ये कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रात घातलेलं अन्न खाली वाकून तोंडानं खायचे, भुंकायचे. लहानपणी मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. आता वाटतं, ब्रॅन लांडग्याच्या अंगात शिरतो त्याला आपण पडद्यावर 'वा!' म्हणतो, आणि आपल्या गावात माणूस देवासाठी कुत्रं होतो त्याला अडाणीपणा म्हणतो.

फरक आहेच. ब्रॅनला लांडगा वापरता येतो. वाघ्याला कुणाला वापरायचं नसतं.

खारीबिटरबटर

ताई, काय लिहिलंय! वाखूसा (वाचनखूण साठवली).

गडप्रेमी_७७

वाघ्यावरून आठवलं, रायगडावरच्या वाघ्याबद्दल कुणी काहीच कसं

संपादक

त्या विषयावर वेगळे धागे आहेत आणि ते का बंद केले हेही सगळ्यांना माहीत आहे. इथे मालिकेतल्या वेस्टेरॉसमध्येच राहू या.

नॉर्वेतून_नमस्कार

इकडे जुन्या नॉर्स कथांमध्ये 'फिल्ग्या' नावाची कल्पना आहे. माणसाबरोबर जन्मभर चालणारं अदृश्य सोबती रूप, पुष्कळदा जनावराचं. ते जनावर माणसाच्या स्वभावावर बेतलेलं असतं. स्वतःचं फिल्ग्या डोळ्यांना दिसलं तर मरण जवळ आलं असं मानत. ओडिनच्या पायाशी दोन लांडगे असतात ते वेगळे. मार्टिन यांनी नेमकं कुठून काय घेतलं यात मी पडत नाही, पण इथे सहा वर्षं राहिल्यावर स्टार्कांचे लांडगे मला परके वाटत नाहीत.

पहिल्या भागातली मेलेली लांडगीण या नजरेनं परत बघा. घरधन्याला आपल्या घराण्याचं जनावर रस्त्यात मेलेलं दिसतं, आणि तो ते बघून पुढे जातो.

माळरान

थोडं अवांतर, पण मला राहवत नाही. मालिकेतले लांडगे ज्या जातीचे तो डायरवुल्फ कल्पनेतला नाही. अमेरिकेत खरा होता, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाला. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबराच्या खड्ड्यांत चार हजारांहून जास्त डायरवुल्फचे अवशेष सापडलेत. फसलेलं जनावर खायला आले आणि स्वतः फसले. शिंगराएवढा वगैरे नव्हता, आजच्या मोठ्यातल्या मोठ्या करड्या लांडग्याएवढा, अंगानं जास्त दणकट. २०२१ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं की तो लांडग्याचा जवळचा भाऊबंद नव्हताच, फार पूर्वी फुटलेली वेगळी शाखा. म्हणून आता त्याचं कुळनावही वेगळं, एनोसायन.

आणि एप्रिल २०२५ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं 'डायरवुल्फ परत आणला' म्हणून जाहीर केलं ते आठवत असेल. करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांमध्ये २० बदल करून तीन पिल्लं जन्माला घातली. रोम्युलस, रीमस आणि तिसरीचं नाव, बसा खाली, खलीसी. मार्टिन यांचा त्या कंपनीत पैसा आहे. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं, हे पांढऱ्या केसांचे करडे लांडगेच. माझंही तेच.

माझी तक्रार वेगळी. पांढऱ्या पिल्लांचे व्हिडिओ आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दहा वेळा आले. पण सोलापूर, बारामती, सासवडच्या माळांवर आपला स्वतःचा लांडगा अजून आहे, अंगानं किरकोळ, मातकट, वितभर गवतात दिसेनासा होणारा. त्या माळाला सरकारी कागदात 'पडीक' म्हणतात. त्याची पोस्ट कुणी पाठवत नाही.

अर्धाकप_चहा

@माळरान, आईला वाचून दाखवलं. तिचं माहेर पुरंदर तालुक्यातलं. म्हणाली, रात्री धनगराच्या वाड्याकडून आरडाओरडा आला की समजायचं कोकरू गेलं. पण तिचा चुलता लांडग्याला शिव्या देताना शेवटी म्हणायचा, "त्याला बी प्वाट हाय." ती स्टार्कांच्या लांडग्यांवर माया करते ती या हिशेबानं की काय, मला ठाऊक नाही.

सोमवारची_सुट्टी

निमेरियाबद्दल कुणीच लिहिलं नाही? सातव्या सीझनचा दुसरा भाग. आर्या बर्फात एकटी, चहूबाजूंनी लांडग्यांचा कळप, आणि पुढे येते ती हिचीच निमेरिया, आता राणी झालेली. आर्या म्हणते, माझ्याबरोबर घरी चल. ती बघते, वळते, जाते. मग आर्या म्हणते, "दॅट्स नॉट यू."

मी कबूल करते, मला तेव्हा वाटलं ही म्हणतेय की 'ही निमेरिया नव्हेच, दुसरीच लांडगीण'. ऑफिसात आम्ही चौघीजणी हेच धरून बसलो होतो. मग कुणीतरी दाखवलं की पहिल्या सीझनमध्ये बाप तिला सांगतो, तू मोठ्या सरदाराशी लग्न करशील, त्याचा वाडा सांभाळशील, तेव्हा ती म्हणते 'दॅट्स नॉट मी'. तेच वाक्य सहा वर्षांनी लांडगिणीला. म्हणजे 'हे तुझं नव्हेच, बाई'. चुलीपुढे अंग टाकून झोपणं हिला जमणार नाही, जसं मला जमलं नाही.

पहिल्या सीझनमध्ये हिनंच तिला दगड मारून हाकललं होतं, जीव वाचावा म्हणून. पुढे कुणी जिवंत राहिलं असेल तर ती हाकललेली. जवळ ठेवलेले बहुतेक सगळे मेले.

उलटतपासणी

@सोमवारची, हा माझ्या अशिलाच्या बाजूचा सगळ्यांत भारी पुरावा आहे आणि तो मला सुचला नाही. चरफडतोय.

याला जोडून एक. सहा पिल्लं वाटली गेली तेव्हा तिथे एक मुलगा असा होता ज्याला काहीच मिळालं नाही. थिऑन. उलट पिल्लं मारायला सुरा काढून तोच पुढे झाला होता. तो त्या घरात वाढला, पण त्याला लांडगा नाही. मग त्यानं काय काय केलं ते आपण बघितलं. आणि शेवटी? आठव्या सीझनमध्ये त्या झाडापुढे खुर्चीतल्या ब्रॅनसमोर उभा राहून, मेलेल्यांच्या सरदारावर, नाइट किंगवर, एकटा धावून जाऊन मरतो. म्हणजे बरोबर समर मेला तसा. त्याच मुलासाठी, त्याच शत्रूपुढे.

तीनदा_वाचलेला

…

हे मी तीनदा वाचून, दोनदा बघून माझ्या लक्षात आलं नव्हतं. आजच्या दिवसापुरती मालिकेला माफी.

रेंडर_चालू_आहे

आणि थिऑनला केसांचा खर्च नाही. (दिवे घ्या.)

सहाव्या सीझनचा दुसरा भाग मात्र आमच्या लोकांच्या खात्यावर मांडा. जॉनचं प्रेत टेबलावर, मंत्र म्हणून झाले, सगळे हरून निघून गेले. खोलीत फक्त घोस्ट झोपलेला. आधी तो दचकून मान वर करतो. मग जॉन श्वास घेतो. एक संवाद नाही, हात लावणं नाही, नुसता लांडगा दोन सेकंद आधी जागा होतो. पुस्तकवाल्यांना हवं ते सगळं त्या दोन सेकंदांत आहे.

अर्धाकप_चहा

धागा बराच लांबला, सगळ्यांचे आभार. माझं मत पुरतं बदललं नाही, पण 'जमाखर्चात मेले' हे मागे घेतो. समर आणि थिऑनचं वाचल्यावर रात्री दोन्ही प्रसंग परत लावून बघितले.

काल आईचा शेवटचा भाग झाला. गादी वितळली, राणी मेली, ब्रॅन राजा झाला, आई ढिम्म. शेवटी जॉन परत भिंतीपाशी जातो, घोस्ट वाट बघत बसलेला, आणि या वेळी गुडघ्यावर बसून तो त्याला दोन्ही हातांनी कुरवाळतो. "मागे घे," म्हणाली. तीन वेळा मागे घेतलं. (@रेंडर, तुमच्या लोकांना सांगा, केसांना टाळी मिळाली.)

मग विचारलं, "आणि ती दुसरी? जंगलात गेलेली?" मी सांगितलं, नंतर ती दाखवलीच नाही. "मारलेली दाखवली का?" नाही. "मग आहे म्हणायची."

जेजुरीकडची

आईंना माझा नमस्कार सांगा. वॉकर सुटला का?

अर्धाकप_चहा

सुटला, आता काठी आहे. याच्या आधीच्या काळातली ती ड्रॅगनवाली मालिका लावू का म्हटलं, तर म्हणाली, "त्यात कुत्री आहेत का?" नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या सीझनला एक आहे, उंदीर मारणाऱ्या त्या माणसाचं, पण तो त्याला लाथ घालतो. ते सांगितलं नाही.